खुर्चीतल्या माणसाला नाही म्हणत नाहीत

३ मार्च, सोमवार

छोटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल की आईचं काहीतरी झालं, आणि त्या धसक्याने तरी तू ते फोडलं असशील. आईचं काही झालेलं नाही. आत्ता ती खिडकीशी बसून समोरच्या बाईने चादरी कशा वेड्यावाकड्या वाळत घातल्यात यावर मला भाषण देते आहे. भाषणं द्यायची खोड तुला कुठून आली हे शोधायला फार लांब जायला नको.

मला तुझ्याकडून एक गोष्ट शिकायची आहे. हसू नकोस. तू मोर्चे काढत होतीस तेव्हा मी पार्लरचं शटर वर करत होते, दोघींनी आपापलं काम केलं आणि एकमेकींच्या कामात नाक खुपसलं नाही. आता मला विचारायचंय की हे सुरू कसं करतात? म्हणजे अगदी पहिल्या दिवशी, सकाळी उठल्यावर, काय करतात?

झालंय असं, की आपल्या कोपऱ्यावरचा पालिकेचा दवाखाना हलवणार आहेत. हमरस्त्याच्या पलीकडे नवी इमारत झाली आहे, तिथे. इथल्या जागेवर गाड्या लावायची सोय होणार. दवाखान्याच्या दारावर तसा कागद चिकटवलाय. आईच्या पायाचं ड्रेसिंग तिथेच होतं. तुला माहीत नसेल तर आता सांगते, गेल्या वर्षापासून तिच्या टाचेला जखम आहे आणि साखरेमुळे ती भरत नाही. एक दिवसाआड मी तिला जिना उतरवते, एक पायरी, मग दम, मग दुसरी. सिस्टर जखम धुते, पट्टी बांधते आणि आम्हा दोघींना रागावते. नव्या जागी जायचं तर दोन बस बदलायच्या आणि हमरस्त्यावरचा लोखंडी पूल चढायचा. आई तो पूल चढू शकणार नाही. जखम वाढली तर पाय काढावा लागतो, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आईला हे माहीत नाही. म्हणजे तिला सगळं माहीत आहे, पण माहीत नसल्यासारखं करते.

तो कागद वाचताना आम्ही चौघं होतो. सिस्टर, मी, शेजारचे विज्ञानाचे सर आणि वळणावरचा किल्लीवाला. सर शाळेतून निवृत्त झाले तरी अजून सगळ्या जगाला 'बाळ' म्हणतात. ते म्हणाले, "काहीतरी केलं पाहिजे." किल्लीवाला म्हणाला, "करा की." मग चौघंही एकमेकांची तोंडं बघत उभे राहिलो, कारण करायचं म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी पटकन बोलून गेले, "माझी बहीण यातली आहे, तिला विचारते."

तेव्हा माझी अब्रू तुझ्या हातात आहे. दोन ओळी लिही.

ताई


१७ मार्च, सोमवार

छोटे,

कार्ड मिळालं. दोन ओळी लिही म्हटलं तर दोनच लिहिल्यास. 'मागणी एकच ठेवा. निर्णय कोणाच्या हातात आहे ते आधी शोधा.' ताई कशी आहेस नाही, आई कशी आहे नाही. एके काळी तू चौकात लाकडी पेटीवर उभी राहून तासभर बोलायचीस आणि खाली उतरल्यावर घसा बसला म्हणून माझ्याकडून गरम पाणी मागायचीस. आता गोदामात पुस्तकं मोजता मोजता शब्दही मोजायला लागलीस का?

पण सरांनी ते कार्ड सगळ्यांना वाचून दाखवलं. "बाळ, ही मुलगी स्पष्ट विचार करते," म्हणाले. आमच्या सभा पार्लरमध्ये होतात, कारण वस्तीत दहा माणसं बसतील एवढ्या खुर्च्या फक्त माझ्याकडे आहेत. त्यातल्या दोन फिरत्या. सर फिरत्या खुर्चीवरच बसतात आणि कोणाचं म्हणणं पटलं नाही की त्याच्याकडे पाठ करून आरशातून बोलतात.

एक मागणी ठरवायला दोन सभा गेल्या. तू हे आधी सांगायला हवं होतंस. एकाला रस्त्यावरचे दिवे हवेत, एकीला कुत्र्यांचा बंदोबस्त हवा, किल्लीवाल्याला त्याच्या टपरीसमोरचा खड्डा बुजवून हवा. प्रत्येकाचं बरोबर आहे, हीच पंचाईत. शेवटी सिस्टर वैतागून म्हणाली, "खड्ड्यात पडलात तर ड्रेसिंगला माझ्याकडेच येणार ना? मग आधी मला तर इथे ठेवा." त्यावर ठरलं. दवाखाना आहे तिथेच राहू दे, बस. बाकी सगळं नंतर.

निर्णय कोणाच्या हातात, हेही शोधलं. पालिकेत सुनावणी होते, तिथला अधिकारी ऐकून घेतो, पण तो आपल्या वॉर्डच्या नगरसेविकेच्या शब्दाबाहेर जात नाही. नगरसेविका म्हणजे तीच. जिच्याविरुद्ध तू उभी राहिलीस, पडलीस, आणि जी निवडून आली म्हणून 'ही माणसं जिथे राज्य करतात त्या गावात मी पाऊल ठेवणार नाही' असं म्हणून बॅग भरलीस. चार वर्षं तू तो शब्द पाळते आहेस.

आता जे लिहिते ते वाचून पत्र फाडू नकोस. ती दर महिन्याला माझ्याकडे केस रंगवायला येते. तू उभी होतीस तेव्हाही यायची. मी तुला सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस, आणि पार्लर चालवणाऱ्या बाईने गिऱ्हाइकाचे पांढरे केस बघायचे असतात, पक्ष नाही. हे सभेत सांगितलं तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "मग प्रश्नच मिटला," किल्लीवाला म्हणाला. "तिचं डोकंच तुमच्या हातात आहे!"

या महिन्याच्या शेवटी ती येईल. मी बोलणार आहे.

आई ठीक आहे.

ताई


३१ मार्च, सोमवार

छोटे,

नगरसेविका येऊन गेली. बोलणं झालं, चांगलं झालं. सभेत मी तसं सांगितलं, तुलाही तेच सांगते.

'घरोघरी जा, ज्यांना झळ बसते त्यांनाच बोलतं करा,' असं तू लिहिलंस. गेलो. मी आणि सिस्टर एका बाजूने, सर आणि किल्लीवाला दुसऱ्या बाजूने. दिवसभर उभं राहून लोकांचे केस कापायचे आणि संध्याकाळी त्यांचेच जिने चढायचे, असा माझा सध्याचा कार्यक्रम आहे. माझे गुडघे तुझं नाव घेऊन बोटं मोडतात. दार उघडणारा माणूस आधी आपल्या मागे कोणी उभं आहे का बघतो. मग म्हणतो, "तुमचं अगदी बरोबर आहे, पण मला यात ओढू नका." एका बाईने आम्हाला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही निवडणुकीला उभ्या राहणार आहात का?" नाही म्हटल्यावर तिचा आमच्यावरचा विश्वासच उडाला. काही नको असताना कोणी इतके जिने चढतं का, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ आहेत, ज्यांना सुई टोचून घ्यायला रोज दवाखान्यात यावं लागतं. त्यांना मी म्हटलं, सुनावणीला या आणि हेच बोला. ते म्हणाले, "मला बोलता येत नाही." मी म्हटलं, "आत्ता बोललात ते काय होतं?" ते म्हणाले, "ते तुमच्याशी बोललो." हा फरक तू इतकी वर्षं लोकांना कसा समजावत होतीस? मला तर त्यांचंच पटलं.

खरं सांगते छोटे, तू दमून का निघून गेलीस ते मला आता थोडं थोडं कळायला लागलंय. हरण्याचं एवढं काही नसतं. पण जो माणूस मान डोलावतो तो येत नाही, आणि येतो तो भलतंच बोलतो, याने जीव मेटाकुटीला येतो. मी अजून महिनाभरच करते आहे. तू कशी टिकलीस कोण जाणे.

सुनावणी दहा एप्रिलला आहे. आईच्या टाचेभोवती जरा सूज आहे. सिस्टर म्हणते, लक्ष ठेवू.

ताई


१४ एप्रिल, सोमवार

छोटे,

मागच्या पत्रात 'बोलणं चांगलं झालं' असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. आता सगळं लिहिते, कारण सुनावणीत ते चारचौघांत उघडं पडलंच आहे. दुसऱ्या कोणाकडून तुला कळलं तर तू मला कायमचं टाकशील.

मी ठरवलं होतं, की रंग लावून झाला की विषय काढायचा. पण विषय तिनेच काढला. मी मानेमागचा भांग पाडत होते आणि ती डोळे मिटून म्हणाली, "अहो, तो जुना दवाखाना म्हणजे नुसती ओल. नवी इमारत किती छान झाली आहे. लोकांनाही तेच हवंय, नाही का?" आणि मी म्हटलं, "हो ना."

छोटे, मी पंचवीस वर्षं हो ना म्हणते आहे. खुर्चीतली बाई म्हणते सून आळशी आहे, मी म्हणते हो ना. तासाभराने तीच सून त्याच खुर्चीत बसते आणि म्हणते सासू छळते, मी म्हणते हो ना. खुर्चीतल्या माणसाला नाही म्हणायचं नाही, हे मला कात्री धरायच्या आधी शिकवलं होतं. मान खाली, डोळे मिटलेले, ओले केस, अशा वेळी माणसाला वाद नको असतो. माझं तोंड ते आपलं आपण म्हणतं, मला विचारतही नाही. ती म्हणाली, "गाड्यांची सोय झाली की तुमचीही गिऱ्हाइकं वाढतील." मी म्हटलं, "हो ना, अगदी." ते 'अगदी' कुठून आलं देव जाणे. ती गेल्यावर मी तिच्या खुर्चीत बसले आणि आरशात माझ्या थोबाडाकडे बघत राहिले. आणि संध्याकाळी सभेत सांगितलं की बोलणं चांगलं झालं.

सुनावणीच्या दालनात आपली बरीच माणसं आली होती. सुई टोचून घेणारे आजोबासुद्धा, इस्त्रीचा सदरा घालून. सर बोलले, चांगलं बोलले. मग नगरसेविका उठली. ती अजिबात चिडली नव्हती. म्हणाली, "हा विरोध मूठभरांचा आहे. सर्वसामान्यांशी मी रोज बोलते. आमच्या पार्लरवाल्या ताई इथेच बसल्या आहेत. अख्खा वॉर्ड त्यांच्याशी बोलतो. त्यांना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, हो ना, अगदी." हुबेहूब माझ्या आवाजात. तिला वाटलं नाही की ती मला तोंडघशी पाडते आहे. तिला खरंच वाटत होतं की मी तिच्या बाजूची आहे.

दालनातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. ती सगळी डोकी मी कधी ना कधी धुतलेली आहेत. अधिकाऱ्याने विचारलं, "तुम्ही असं म्हणालात का?" मी उभी राहिले. म्हटलं, "म्हणाले." "मग तुमचं मत तेच आहे?" मी म्हटलं, "नाही." "मग म्हणालात का?" मी खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि तशीच खाली बसले. कोणीतरी मागे हसलं. अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, स्थानिकांचं नेमकं म्हणणं स्पष्ट होत नाही, पुढची सुनावणी तेरा मे, मंगळवार.

बाहेर आल्यावर मी सगळ्यांना सांगून टाकलं. सरांना फिरायला खुर्ची नव्हती, म्हणून ते नुसतेच वळून उभे राहिले. सिस्टर म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत." ते मला सगळ्यात लागलं. किल्लीवाला मात्र म्हणाला, "मीही तेच करतो. किल्ली मीच चुकीची कापलेली असते, गिऱ्हाईक म्हणतं कुलूप खराब असेल, मी म्हणतो, असेल असेल." आणि मग, "पण तुमच्या गोंधळामुळे महिना मिळाला बरं का. नाहीतर आजच निकाल लागला होता." सरांनी यावर मान डोलावली. तेवढ्यावर मी घरी आले.

तू रागावली असशील. रागाव, पण लिही.

ताई


२८ एप्रिल, सोमवार

छोटे,

तुझं पत्र नाही. पार्सल आलं. पट्ट्या, कापूस, मलम, सगळं निवडून घेतलेलं दिसतंय. म्हणजे माझी पत्रं तू वाचतेस, आणि 'सूज' हा शब्द तू बरोबर वाचलास. पट्ट्या चांगल्या आहेत. आईने हातात घेऊन बघितल्या आणि विचारलं, "चिठ्ठी?" मी म्हटलं, घाईत राहिली असेल. ती म्हणाली, "हो, गोदामात फार घाई असते." आणि पलीकडे तोंड करून झोपली.

पट्ट्यांची गरज होतीच, कारण सिस्टरची बदली झाली. निकाल लागायच्या आधीच. तिला नव्या इमारतीत पाठवलं आणि आपल्या दवाखान्यात आता फक्त नावं लिहून घेणारा माणूस बसतो. जायच्या आधी तिने मला दोनदा समोर बसवून ड्रेसिंग शिकवलं. माझे हात बघून म्हणाली, "तुमचा हात हलका आहे, जमेल." जमतं. पण छोटे, आईच्या जखमेकडे बघणं मला जमत नाही. मी आपल्या मनाला सांगते की हे कोणाचं तरी डोकं आहे.

आता दुसरी गोष्ट. नगरसेविका परवा आली. मला वाटलं होतं की आता ती येणार नाही, पण तिच्या मनात काहीच नव्हतं. कुठल्याशा समारंभाला जायचं होतं, केस मुळाशी पांढरे झाले होते, ती येऊन हक्काच्या खुर्चीत बसली. उघड्या दारासमोरच्या बाकड्यावर तीन बायका नंबर लावून बसल्या होत्या. मी रंग कालवला, अंगावर कपडा बांधला आणि डावी बाजू लावायला घेतली. ती म्हणाली, "सुनावणीत तुम्ही घाबरलात हो! मी आहे ना. तेरा तारखेला मी सांगेन त्याला नुसतं हो म्हणा."

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. माझ्या तोंडून पार्लरमध्ये निघालेलं हे पहिलंच 'नाही', त्यामुळे ते जरा चिरकं निघालं. तिने डोळे उघडले. आरशातून आम्ही एकमेकींकडे बघितलं. ती उठायला गेली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की अर्धं डोकं रंगवलेलं आहे. अर्धं डोकं रंगवलेली बाई कुठेही जाऊ शकत नाही, छोटे, नगरसेविका असली तरी. मी हे ठरवून केलं नव्हतं, आईशप्पथ. पण कळल्यावर मला वाईटही वाटलं नाही.

मी हात थांबवला नाही. उजवी बाजू डाव्यापेक्षा निगुतीने लावली. लावता लावता सगळं सांगितलं. टाच, जिना, पूल, डॉक्टर काय म्हणाले ते. म्हटलं, "मागच्या वेळी हो म्हणाले ती सवय होती. माझं मत हे आहे." मग बाकड्यावरची एक बाई म्हणाली, "माझ्या मुलाला धाप लागते तेव्हा मी त्याला कडेवर घेऊन पळत त्याच दवाखान्यात जाते. पूल चढून कशी पळू?" दुसरी म्हणाली, मी बोलू का. आणि बोलली. या त्याच बायका, ज्यांनी आम्हाला दारातून परत पाठवलं होतं. रंग चढेपर्यंत बसावंच लागतं, तेवढा वेळ नगरसेविका टॉवेल गुंडाळून बसली होती आणि तिला ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तू पेटीवर उभी राहून ओरडायचीस तेव्हा ती गाडीच्या काचा वर करून निघून जायची ना? ते मला सारखं आठवत होतं.

केस धुतले, वाळवले. रंग सुरेख बसला होता. ती जाताना म्हणाली, "तुम्ही हे बरं केलं नाहीत." मी सवयीने हो ना म्हणणार होते, पण गिळलं.

सर म्हणाले, "बाळ, तेरा तारखेला तू बोलायचं." आता ते मला टाळत नाहीत, उलट रोज येऊन मला भाषण लिहून देतात. त्यात 'तद्वत' असा शब्द आहे. तो मी काढणार आहे.

ताई


५ मे, सोमवार

छोटे,

हे पत्र वेळेवर पोचावं म्हणून सकाळीच पेटीत टाकायचं आहे, तेव्हा मुद्द्याचं लिहिते.

पालिकेचे दोघे आले आणि पार्लरसमोरचं बाकडं उचलून घेऊन गेले. पदपथावर अतिक्रमण म्हणे. पंचवीस वर्षं ते तिथेच होतं. मी वाद घातला नाही, मला तेवढं त्राण नव्हतं. आतल्या खुर्च्या भरल्या की बायका आता बाहेर उभ्या राहून नंबर लावतात. एक-दोन जणी यायच्या बंद झाल्या, त्यांना भीती वाटते की इथे आलं की कुठेतरी नाव लागेल. मी दमले आहे, छोटे. मला रोज वाटतं की सोडून द्यावं, दार लावून घ्यावं आणि पुन्हा सगळ्यांना हो ना म्हणावं. ते किती सोपं होतं. सकाळी उठून मी पुन्हा चपला घालते, का ते मलाही सांगता येत नाही. आईच्या पायासाठी सुरू केलं, हे खरं. पण आता सुई टोचून घेणारे आजोबा मला रस्त्यात थांबवून आपलं बोलणं म्हणून दाखवतात, पाठ झालंय त्यांचं. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की मी येत नाही?

आता आईबद्दल. 'आई ठीक आहे' असं मी तुला लिहीत आले. ती ठीक नाही. टाचेची कड काळी पडायला लागली आहे. शनिवारपासून अंगात ताप आहे. ती जिना उतरू शकत नाही, मोरीपर्यंत मी धरून नेते. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, औषध बदललंय, आठवडाभर बघू, दिवसातून दोनदा ड्रेसिंग करा आणि हिला एकटं ठेवू नका. पाय वाचेल की नाही ते या आठवड्यावर आहे. मी हे तुला आधी लिहिलं नाही, कारण तू येणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तू नाही येत हे कागदावर वाचण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं मला वाटायचं.

आता विचारते.

तेरा तारखेची सुनावणी सकाळपासून आहे आणि आपला नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही. दिवस जाणार. आईजवळ कोणीतरी हवं. मी विचार करून बघितला, की आईजवळ बसेल, तिला मोरीपर्यंत नेईल आणि जखम बघून डोळे फिरवणार नाही असं कोण आहे? सिस्टर आहे. तिने रजा टाकली आहे, ती सुनावणीला येणार आहे, दवाखान्यात आत काय चालतं ते तीच सांगू शकते. शेजारीण आहे, ती धाप लागणाऱ्या मुलाला घेऊन येणार आहे. सरांची बायको आहे, तीही येणार आहे, सरांना न सांगता तिने स्वतःचं वेगळं बोलणं तयार केलंय. ज्यांच्यावर मी आईला सोपवू शकते अशी सगळीच्या सगळी माणसं त्या दिवशी त्या दालनात असणार आहेत. त्यांना मीच जिने चढून तयार केलंय. आता कोणाला घरी बस म्हणू?

म्हणून तू ये.

बोलायला बोलावत नाही. तू बोललीस तर नगरसेविका म्हणेल की हे सगळं हिनेच घडवून आणलं, आणि आजोबांचं पाठ केलेलं बोलणं फुकट जाईल. दालनात येऊच नकोस. तुला या गावात पाऊल ठेवायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. मग गावात ठेवू नकोस, घरात ठेव. सोमवारी संध्याकाळी पोच, मी तुला एकदा करून दाखवीन.

हात साबणाने धुवायचे, दोनदा. उकळून गार केलेलं पाणी झाकून ठेवलेलं असेल. जुनी पट्टी ओढायची नाही, भिजवून सोडवायची. आई तुला शिव्या देईल, चार वर्षांच्या साठलेल्या आहेत. देऊ दे. जखम वासाने कळते, वास वाढला तर डॉक्टरांना फोन कर. दुपारी ती झोपते. तेव्हा खिडकीचा पडदा ओढ.

तू सभेला जायचीस तेव्हा आईजवळ मी असायचे. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात मीच होते, तू तुरुंगात असताना तुझ्यासाठी डबा घेऊन उभी राहणारीही मीच होते. मला त्याचा राग नव्हता, खरंच नव्हता. मला वाटायचं, कोणीतरी बाहेर जातं आणि कोणीतरी घरी राहतं, आणि घरी राहणारी मी. लोक मला विचारतात, साध्या माणसाने यात पडायचं कसं, सुरुवात कशी करायची. तुलाही मी पहिल्या पत्रात तेच विचारलं होतं, आणि तू मागणी, निर्णय, घरोघर असं सगळं लिहिलंस. जे नाही लिहिलंस ते आता मीच सांगते. आधी आपल्या घरातल्या आजारी माणसाजवळ बसायला कोणीतरी शोधावं लागतं. तुला ते कधी शोधावं लागलं नाही.

मंगळवारी एक दिवस तू घरी राहा. मला जायचंय.

ताई